बातमीत परिच्छेदाची सुरुवात ‘दरम्यान,’ अशी का करतात?

बोलताना ‘दरम्यान’ला दोन टोकं लागतात: ‘दादर ते ठाण्याच्या दरम्यान लोकल थांबली’, ‘चार ते पाचच्या दरम्यान ये’. बातमीत मात्र तो पुढे स्वल्पविराम घेऊन एकटाच उभा राहतो आणि दोन मजकुरांचा सांधा जोडतो.

समजा, घाटात दरड कोसळून वाहतूक बंद झाली. ठिकाण, वेळ, जखमी, पर्यायी मार्ग हे सगळं आधी येतं. मग: ‘दरम्यान, हवामान विभागाने दोन दिवस मुसळधार पावसाचा इशारा दिला आहे.’ इशारा काही दरडीमुळे आलेला नाही, पण त्या रस्त्याने जाणाऱ्याला तो कळायलाच हवा. ‘त्यामुळे’ लिहिलं तर नसलेलं कारण चिकटतं, ‘मात्र’ लिहिलं तर नसलेला विरोध. शिवाय छापील पानावर जागा कमी पडली की बातमी खालून कापतात, म्हणून असा पूरक मजकूर बहुधा शेवटीच असतो.

चुकतं कुठे? ‘दरम्यान, 2019 मध्येही येथे दरड कोसळली होती.’ इथे ‘याआधी’ हवं, कारण ‘दरम्यान’मध्ये ‘त्याच काळात’ हा अर्थ आहेच. आणि मला खरोखर खटकतो तो एखाद्या गुन्ह्याच्या बातमीतला वापर असा: ‘दरम्यान, त्याच रात्री अमुक नेते शहरात होते.’ पुरावा काहीच नाही, आरोपही उघड केलेला नाही, पण वाचकाच्या मनात संशय पेरून झाला. संपादकाने असं वाक्य सरळ काढून टाकावं.