वाचकांचे प्रश्न : होडीऐवजी दार

प्रश्न : मोहसिन हमीद यांची ‘एक्झिट वेस्ट’ ही कादंबरी आमच्या वाचनमंडळाने घेतली होती. यादवीने होरपळलेल्या शहरातून सईद आणि नादिया एका काळ्या दारात शिरतात आणि थेट ग्रीसच्या मिकोनोस बेटावर निघतात. २०१६ साली भूमध्य समुद्रात ५,०००हून अधिक निर्वासित मेले किंवा बेपत्ता झाले आणि पुढच्याच वर्षी आलेल्या या पुस्तकात समुद्रच नाही! ही लेखकाची पळवाट नव्हे काय? (पुणे)

उत्तर : पहिल्या वाचनात माझाही आक्षेप हाच होता आणि तो पुरता मावळलेला नाही; समुद्र वगळल्याने पुस्तक काही ठिकाणी जरा जास्तच तुळतुळीत झाले आहे. मात्र ही दारे फुकटची नाहीत. त्यांचा पत्ता मिळवण्यासाठी दलालाला आगाऊ पैसे मोजावे लागतात, श्रीमंत देशांकडे उघडणाऱ्या दारांवर पहारा असतो आणि गरीब देशांकडची दारे तेवढी मोकळी असतात. व्हिसासाठी रांगेत ताटकळलेल्या माणसाला यातली जादू फारशी जाणवणार नाही. पलीकडे निघालेली नादियासुद्धा थंडीने कापत, उठण्याचेही त्राण नसल्याने जमिनीवर पडून राहते. शिवाय प्रवासाची वाचलेली पाने लेखकाने निघण्याआधीच्या दिवसांना दिली आहेत. सईदची आई हरवलेले कर्णभूषण मोटारीत शोधत असताना भरकटलेल्या गोळीने मरते. तिच्या आठवणींचे शहर सोडायला वडील तयार होत नाहीत, आणि सईद सुखरूप होईपर्यंत त्याची साथ सोडू नकोस, एवढे वचन ते नादियाकडून घेतात. होडीचे वर्णन बातमीत रोज येते, हा निरोप तिथे येत नाही.

प्रश्न : माझी आजी फाळणीनंतर सिंधमधून कल्याण कॅम्पात आली. उल्हासनगर हे नाव पडून इतकी वर्षे झाली तरी आमच्या घरी ‘कॅम्प’च म्हणतात. एवढे सोसून सईद-नादिया शेवटी वेगळे होतात, हे तिला पटले नाही. (उल्हासनगर)

उत्तर : आजींच्या कॅम्पात माणसांना निदान आपली बोली बोलणारा शेजार होता. मिकोनोसहून दुसऱ्या दाराने लंडनमध्ये पोहोचल्यावर सईद नेमका तोच शोधतो, आपल्या देशाच्या माणसांकडे आणि प्रार्थनेकडे ओढला जातो. नादियाला मात्र नायजेरियन लोकांनी भरलेल्या घरातच मोकळे वाटते. गंमत अशी, की कधीही प्रार्थना न करणारी नादिया आपला अंगभर काळा झगा शेवटपर्यंत टाकत नाही. त्यांच्यात कडाक्याचे भांडण होत नाही. वडिलांना दिलेले वचन पुरे होते आणि दोघांना एकत्र ठेवणारी भीती ओसरत जाते. अर्ध्या शतकाने ती दोघे आपल्या मूळ शहरात भेटतात, तेव्हा चिलीच्या वाळवंटातले तारे पाहिलेस का, असे नादिया विचारते. सईद होकार देतो आणि तुला एखादी संध्याकाळ मोकळी असेल तर घेऊन जाईन, असे म्हणतो. आजींना ते शेवटचे पान पुन्हा एकदा वाचून दाखवा.