बोलिंगचा स्कोअर १२०-१३५ वर अडकलाय, पुढे कसा जाईल?

थोडक्यात सांगायचं तर स्ट्राइकचा (पहिल्याच बॉलला दहाही पिना पाडायचा) नाद काही महिने बाजूला ठेवा आणि स्पेअर (उरलेल्या सगळ्या पिना दुसऱ्या बॉलला पाडणं) वाढवा. त्यातही आधी एकटी उरलेली पिन. तुमच्या स्कोअरला हमखास वर काढणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. आता सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: तुम्ही साताऱ्याला राहता, महिन्यातून एखाद-दुसऱ्या रविवारी मित्रांबरोबर पुण्याला मॉलमध्ये खेळायला जाता. ७०-८० वरून १२० पर्यंत भराभर आलात आणि तिथून पुढे हलायला तयार नाही. व्हिडिओ बघून बॉल वळवायला लागलात, तर एक गेम १५० चा होतो आणि पुढचा शंभरच्या आत. शेवटी विचारलंय की स्वतःचा बॉल घेऊ का.

मी सांगलीचा. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा हा खेळ लागला, तो सांगलीला परत आल्यावरही सुटला नाही. आज माझी सरासरी १६५ च्या आसपास असते. लेनपासून लांब राहून खेळायचं म्हणजे काय हे मला पुरतं ठाऊक आहे, म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. खालचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी आहे. डावखुरे असाल तर बाजू उलट करून वाचा.

आधी हिशोब बघा, कारण सगळं त्यातच आहे. स्ट्राइक झाला की १० अधिक पुढच्या दोन बॉलच्या पिना मिळतात. स्पेअर झाला की १० अधिक पुढच्या एका बॉलच्या. समजा तुम्ही एक स्ट्राइक मारलात आणि पुढच्या फ्रेममध्ये (दोन बॉलची एक पाळी, गेममध्ये अशा दहा) ८ आणि १ पाडल्या. त्या स्ट्राइकचे झाले १९. त्याच जागी स्पेअर असता तर १० अधिक ८, म्हणजे १८. फरक फक्त एका पिनेचा! ज्या एकट्या स्ट्राइकवर सगळे टाळ्या पिटतात तो स्पेअरपेक्षा जेमतेम एक पिन जास्त देतो. स्ट्राइकला खरी किंमत येते ती दोन-तीन लागोपाठ पडले तरच, आणि तुमच्या-माझ्या पातळीवर ते ठरवून होत नाही.

आता दुसरी बाजू. ८ आणि १ पाडून फ्रेम उघडी सोडली तर ९ मिळतात. तीच उरलेली पिन पाडून स्पेअर केला आणि पुढच्या बॉलला ८ पडल्या, तर १८. म्हणजे एक पिन पाडल्याने स्कोअर नऊने वाढला. एका गेममध्ये असे तीन स्पेअर जास्त झाले तर २७. तुमचे १२५ चे १५२ होतात, एकही स्ट्राइक न वाढवता. एकही स्ट्राइक नसलेला गेमसुद्धा, दर वेळी पहिल्या बॉलला ९ आणि मग स्पेअर असा खेळलात, तर १९० वर जातो. आणि एक स्ट्राइक, एक स्पेअर असं आलटून पालटून शेवटपर्यंत नेलं तर बरोबर २०० होतात. त्याला डच २०० म्हणतात. त्यात लागोपाठ दोन स्ट्राइक कुठेही नाहीत.

बॉल वळवायचा हट्ट आत्ता का नको, तेही सांगतो. पिनांचे नंबर पुढून मागे आणि प्रत्येक रांगेत डावीकडून उजवीकडे धरतात: १ सगळ्यात पुढे, ७ आणि १० मागच्या डाव्या आणि उजव्या कोपऱ्यात. पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या मधल्या खाचेत बॉल साधारण सहा अंशांच्या कोनात शिरला तर स्ट्राइकची शक्यता सगळ्यात चांगली असते. पण लेन फाउल लाइनपासून (बॉल टाकताना जी ओलांडायची नाही ती रेघ) पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट लांब आणि जेमतेम साडेतीन फूट रुंद. इतक्या अरुंद पट्ट्यात सरळ टाकलेला बॉल कुठूनही टाका, दोन अंशांच्या वर कोन मिळत नाही. त्यासाठी बॉल वळावाच लागतो, आणि मॉलमधले हाउस बॉल (तिथेच खेळायला मिळणारे) बहुतेक प्लॅस्टिकच्या कवचाचे असतात, ते तेल लावलेल्या लेनवर फारसे वळत नाहीत. मग माणूस मनगट पिळतो. पिळलेलं मनगट दर वेळी वेगळं पिळलं जातं, म्हणून एक गेम १५० चा आणि पुढचा ९८ चा. स्पेअरला मात्र हेच न वळणारे बॉल उत्तम. चांगले खेळाडूही स्पेअरसाठी मुद्दाम प्लॅस्टिकचा वेगळा बॉल ठेवतात.

एकटी पिन वाटते तेवढी बारीक नाही. बॉलचा व्यास साडेआठ इंच, पिन सगळ्यात जाड जागी पावणेपाच इंच. बॉलचा मध्य पिनेच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना साडेसहा इंचांपर्यंत चुकला तरी पिन पडते, म्हणजे एकूण १३ इंचांची जागा. कोपऱ्यातल्या ७ आणि १० नंबरला एका बाजूने गटर (लेनच्या कडेची घळ) असल्यामुळे ही जागा नऊ इंचांवर येते. त्या दोन पिना अवघड वाटतात त्या एवढ्याचसाठी.

आता नेम. पिनांकडे बघून टाकू नका. फाउल लाइनपासून साधारण १५ फुटांवर लेनवर सात बाण असतात. लेन ३९ पट्ट्यांची असते आणि दर पाचव्या पट्टीवर एक बाण. १५ फुटांवरच्या खुणेवर नजर ठेवणं ६० फुटांवरच्या पिनेपेक्षा कितीतरी सोपं. शिवाय चूकही चौपट कळते: बाणांपाशी एक पट्टी चुकली की सरळ जाणारा बॉल पिनांपाशी चार पट्ट्या चुकतो. उलटं म्हणजे, मधल्या एकट्या पिनेसाठी बाणांपाशी तुम्हाला जवळपास तीन पट्ट्यांची मुभा आहे. सरावाने हे नक्की जमतं.

तुम्ही साताऱ्याचे, म्हणून एक गोष्ट तुम्हाला पटकन पटेल. २०२३ साली बर्लिनला तिरंदाजीची जागतिक स्पर्धा झाली, त्यात कंपाउंड (कप्पी लावलेल्या धनुष्याच्या) प्रकारात अदिती स्वामी आणि ओजस देवतळे दोघंही जगज्जेते झाले. अदिती साताऱ्याचीच, ओजस मूळचा नागपूरचा, पण त्याचाही सराव साताऱ्यातच चालला होता. तिरंदाजीचा कोणताही प्रशिक्षक आधी बाण मध्यात लागला का हे बघत नाही. सगळे बाण एका ठिकाणी जमले का ते बघतो. एका ठिकाणी जमून मध्यापासून लांब पडत असतील तर साइट (धनुष्यावरची नेमाची खूण) सरकवायची, दोन मिनिटांचं काम. विखुरले असतील तर साइटला हात लावायचा नाही, आधी माणसाची क्रिया सुधारायची. बोलिंगचं हुबेहूब असंच आहे, फक्त इथे साइट म्हणजे तुमचे पाय.

म्हणून एक वही ठेवा, किंवा मोबाइलमध्ये लिहा. प्रत्येक फ्रेमला फक्त तीन गोष्टी: बॉल ठरवलेल्या बाणावरून गेला का, काय उरलं, उरलेलं पडलं का. माझ्या वहीतलं एक पान असं दिसतं:

३ – बाण बरोबर – १० उरली – नाही, उजवीकडून गटर
४ – दोन पट्ट्या डावीकडे – ४ आणि ७ – पडल्या
५ – बाण बरोबर – १० उरली – नाही
६ – बाण बरोबर – १० उरली – पडली

स्कोअरच्या पडद्यावरून हे कधीच कळत नाही. पान बघितलं की लगेच दिसतं: बॉल बाणावरून जातोय, तरी दर वेळी १० च उरतेय. म्हणजे हाताचा दोष नाही, उभं राहायची जागा बदलायची. तुमची वही मात्र 'तीन पट्ट्या उजवीकडे, दोन डावीकडे, बरोबर, चार डावीकडे' अशी असेल तर पाय हलवून काही उपयोग नाही, आधी हात एकसारखा झाला पाहिजे. दोन-तीन वेळच्या नोंदी झाल्या की तुम्ही यातले कोणते ते तुम्हालाच कळेल. ७ आणि १० सारख्या फाटलेल्या जोड्या वेगळ्या खुणेने लिहा आणि हिशोबात धरू नका. तिथे एक पिन पाडायची आणि पुढे जायचं.

पाय कसे हलवायचे त्याचा साधा नियम आहे. पहिला बॉल टाकायला जिथे उभे राहता आणि ज्या बाणावर टाकता, ती तुमची मूळ जागा. डाव्या बाजूच्या पिनांसाठी बाण तोच ठेवायचा आणि उजवीकडे सरकायचं: २ नंबरसाठी तीन पट्ट्या, ४ साठी सहा, ७ साठी नऊ. उजव्या बाजूच्या पिनांसाठी डावीकडे जायचं. १० नंबरला मात्र मी मूळ जागेवरून मोजत बसत नाही. सरळ अॅप्रोचच्या (फाउल लाइनमागच्या, पावलं टाकायच्या जागेच्या) डाव्या भागात जातो, मधल्या बाणावर नजर ठेवतो आणि लेन तिरकी कापून टाकतो. दोन-तीन पिना उरल्या असतील तर सगळ्यात पुढच्या पिनेचा नेम धरा. पहिल्याच बॉलसाठी आणखी एक: बॉल बाणावरून बरोबर जाऊनही डावीकडे चुकत असेल तर पायही डावीकडे सरकवा, उजवीकडे चुकत असेल तर उजवीकडे. जिकडे चूक तिकडे पाय. संध्याकाळी लेनवरचं तेल कमी-जास्त झालं की याची गरज पडतेच.

लेनवर गेल्यावर निदान एक गेम असा खेळा: दहाही पिना उभ्या असताना पहिल्या बॉलला फक्त १० नंबर पाडायची, दुसऱ्याला फक्त ७. मशीन एकटी पिन उभी करून देत नाही, म्हणून हा मार्ग. पडद्यावर १५-२० दिसेल, मित्र विचारतील काय झालं. विचारू द्या. कोपरे पक्के झाले की मधल्या पिनांची भीती जाते. हे शक्यतो गर्दी नसताना करा, मागे लोक ताटकळत असतील तर मन लागत नाही. खंबाटकी ओलांडून एवढं जायचं तर एखादी रजा टाकून आठवड्याच्या मधल्या सकाळी जा, रविवारच्या दोन फेऱ्यांपेक्षा तीच कामाला येईल.

बाकीचे दिवस गच्ची आहेच. चार पावलांचा अॅप्रोच घरी पक्का होतो, त्याला बॉल लागत नाही. फरशांची एक सरळ सांध्याची रेघ धरा. पहिल्या पावलाबरोबर हात पुढे, दुसऱ्याला खाली, तिसऱ्याला मागे, चौथ्या पावलाला डावा पाय पुढे घसरतो आणि हात खालून पुढे येतो. रेघेवर सुरू करून रेघेवरच संपलात का ते बघा. बहुतेकांचा शेवटचा पाय एक-दोन फरशा डावीकडे जातो आणि पत्ता लागत नाही. मोबाइल मागे ठेवून चित्रण करा. हातात पाण्याची भरलेली बाटली घेतली तर खांदा सैल सोडून हात आपल्या वजनाने झुलू द्यायची सवय लागते. जोर लावायचा नाही. शेवटी डाव्या पायावर, हात वर, बॉल पिनांपर्यंत पोचेल एवढा वेळ तसेच स्थिर उभे राहा. तोल जात असेल तर गडबड आधीच्या पावलांत आहे.

वेगाबद्दलही बघा. पडद्यावर वेग दिसत असेल तर तोही वहीत लिहा. दोन फ्रेम बिघडल्या की माणूस रागाने जोर लावतो, वेग वाढतो आणि बाण चुकतो. सगळे बॉल जवळपास एकाच वेगाने गेले पाहिजेत, वेग कमी असला तरी चालेल.

बॉल निवडताना आधी अंगठ्याचं छिद्र बघा, मग वजन. छिद्र सैल असेल तर बॉल पडू नये म्हणून आपण नकळत मुठीने आवळतो, आणि सुटताना तो कुठेही जातो. अंगठा अलगद बाहेर यायला हवा, पण आत खुळखुळता कामा नये. त्यात बसेल तो सगळ्यात जड बॉल घ्या, मात्र शेवटच्या फ्रेमपर्यंत खांदा न दुखता झुलवता आला पाहिजे. फार हलका बॉल पिनांना लागून स्वतःच बाजूला फेकला जातो आणि मागच्या पिना उभ्याच राहतात. बॉलवरचा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी तोच शोधा.

स्वतःचा बॉल आत्ता घेऊ नका. वहीत लागोपाठच्या काही वेळा एकट्या पिनांपैकी दहात सात पडताना दिसायला लागल्या की घ्या. तेव्हा आधी तुमच्या हाताच्या मापाने छिद्रं पाडून घेतलेला साधा प्लॅस्टिकचा बॉल घ्या. हात मापात बसला की पहिला बॉलही आपोआप एकसारखा होतो. वळणारा रिअॅक्टिव्ह बॉल त्यानंतर. आणि तो घेतल्यावरही १० नंबरसाठी प्लॅस्टिकचाच वापरा.