घाट उतरला आणि सीपीके चढलं

प्रश्न : डॉक्टरसाहेब, मी बीड तालुक्यातला, पोलीस भरतीची तयारी करतोय. सोयाबीनच्या काढणीत महिनाभर सराव बंद होता. गेल्या रविवारी मांजरसुंब्याचा घाट पळत उतरलो, वरून २०० बैठका मारल्या. मंगळवारी जिना उतरता येईना. रक्त तपासलं तर सीपीके ४,२६०, एसजीओटी ११८. लॅबवाला म्हणाला, लिव्हरला सूज दिसते. मित्र म्हणतात, लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय, पळून मोकळं कर. लघवी नेहमीसारखी आहे. काय करू?

उत्तर : लेकरा, घाट नुसता चढला असतास तर दम लागला असता, पण मांड्या एवढ्या भरल्या नसत्या. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जातो आणि त्याच वेळी अंगाचा भारही झेलतो. त्यात त्याचे बारीक तंतू उसवतात आणि आतलं सीपीके नावाचं एन्झाइम रक्तात झिरपतं. बैठकीत खाली जातानाही तेच. लॅक्टिक अ‍ॅसिड उगाच बदनाम आहे. ते थांबल्यावर तास-दीड तासात निवळतं. मंगळवारचं दुखणं त्याचं कसं असेल?

एसजीओटी हे एन्झाइम लिव्हरसारखंच स्नायूतही असतं, म्हणून सीपीकेबरोबर तेही चढलं. लिव्हरची शंका जातच नसेल तर जीजीटी या लिव्हरच्या एन्झाइमची रक्ततपासणी कर. ते स्नायूतून येत नाही.

पुरुषांत सीपीके साधारण २०० पर्यंत ठीक धरतात, त्यामुळं चार हजार बघून घरच्यांची झोप उडणारच. पण अशा व्यायामानंतर धडधाकट गड्यातही ते हजारांत जातं, एक ते चार दिवसांत शिगेला पोचतं आणि बहुतेकदा आठ-दहा दिवसांत उतरतं. तरी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि लघवी उद्याच तपासून घे. लघवी कोऱ्या चहासारखी झाली किंवा कमी झाली, तर रात्र असली तरी तडक दवाखाना गाठ. स्नायूतून सुटलेलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन फार झालं तर किडनीला झेपत नाही. पाणी पीत राहा. मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या आणून खाऊ नकोस, त्याही किडनीवरच ताण देतात.

चार-पाच दिवसांनी सीपीके एकदा परत बघ, उतरतंय एवढं कळलं की बस. रोज रक्त देऊन ताकद परत आली का ते कळत नाही. कुणाचा आकडा मोठा आणि दुखणं थोडं, कुणाचं उलट. मी स्वतः तिशीत देवगिरी किल्ला उतरून आलो आणि दोन दिवस संडासात भिंत धरून बसायचो. तपासणी कुणी केली होती!

जिना सरळ उतरता यायला लागला की हे कर. बोटाला चुना लाव, भिंतीशी उभं राहून हात वर ताण, खूण कर. मग जागेवरूनच उडी मारून दुसरी खूण. मधलं अंतर टेपनं मोज, तीन उड्यांतली सगळ्यात उंच ती धर, वहीत लिही. रोज त्याच वेळी. अंतर वाढत असेल तोवर स्नायू अजून सावरतोय. तीन दिवस एकाच ठिकाणी थांबलं की पळायला लाग, तेही सपाटीवर. तुझे १६०० मीटर काही घाटात घेणार नाहीत.

बैठका ३० पासून. एकदा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच कामाला कमी दुखतो, त्यामुळं हळूहळू वाढवता येतील. घाट मात्र सध्या चालतच उतर.