शपथ घेतली, तरी कंपासपेटीत खर्रा

"मॅडम, शाळेत व्यसनमुक्तीचा एवढा मोठा कार्यक्रम झाला. पोलीस आले, भाषण झालं, पोट्ट्यांनी हात पुढे करून शपथ घेतली. अन् पंधरा दिवसांत याच्या कंपासपेटीत हे!" आईने रुमालाची गाठ सोडली. आत खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेल्या मिश्रणाची पन्नी होती, रबर लावलेली, अर्धी संपलेली. "मग असल्या कार्यक्रमांचा उपयोग तरी काय?"

चंद्रपूरकडच्या कितीतरी आया हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. (ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.)

मुलगा आठवीतला. तिसऱ्या भेटीत कुठे मोकळा झाला. "मामाचा खर्रा रोज मीच आणतो ना. सुटे उरले की माझे." शपथ घेताना मामा त्याच्या मनातही आला नव्हता. व्यसन म्हणजे पडद्यावर दाखवलेली सुई आणि गांजा. खर्रा तर घरचाच!

आईची शंका चुकीची नव्हती. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसला 'डेअर' हा कार्यक्रम सुरू झाला. वर्दीतले पोलीस वर्गात येऊन शिकवायचे. तो देशभर पसरला. पुढे नीट मोजणी झाली तेव्हा दिसलं की मुलांना माहिती मिळाली, पण नशेच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही. आइसलँडमध्ये मात्र महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलं १९९८ मध्ये ४२ टक्के होती, ती २०१६ पर्यंत ५ टक्क्यांवर आली. तिथे मुलांकडून नियमित प्रश्नावली भरून घेतात आणि निकाल त्या त्या गावाच्या, शाळेच्या हाती देतात. खेळाच्या सोयी वाढवल्या, रात्री घरी परतायची वेळ ठरवली, पालकांनी आपसांत करार केले.

मी शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी आपुलकीने फाइल दाखवली. फोटो, उपस्थिती, आभारपत्र. मुलांच्या खर्रा खाण्यात काही फरक पडला का, हे मात्र त्यात कुठेच नव्हतं. मग आम्ही चार प्रश्नांची चिठ्ठी केली. नाव लिहायचं नाही, वर्गात शिक्षक नाहीत, घडी करून खोक्यात टाकायची. गेल्या ३० दिवसांत खाल्ला का? पहिल्यांदा कुणी दिला? कुठून मिळतो? घरचे आणायला पाठवतात का?

शेवटच्या प्रश्नाला 'हो' लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा ढीग पाहून सर बराच वेळ गप्प होते. ज्या टपऱ्यांची नावं आली, त्यातल्या दोन फाटकासमोरच्याच. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि १८ वर्षांखालच्यांना तर कुठेच विकता येत नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा चिठ्ठ्या घेणार आहोत. पण हीच मुलं तेव्हा नववीत असतील, आणि वयाबरोबर खाणारे एरवीही वाढतात. म्हणून तुलना नव्या आठवीशी करायची, शिवाय कार्यक्रम न झालेल्या शेजारच्या शाळेशीही.

त्या माउलीने तेवढी वाट पाहिली नाही. भावाला सांगितलं, तुझा खर्रा तू आण. चार दिवस घरात अबोला होता. मुलगा अजून येतो माझ्याकडे. परवा बसता बसता म्हणाला, "मॅडम, या आठवड्यात दोनदाच."