वाचकांचे प्रश्न : भाजीत कालवायची पुडी

प्रश्न : ताई, आम्ही दारव्हा तालुक्यातले. कोरडवाहू शेती, कपाशी अन् तूर. मालक रोज पितात. पोळ्याला दोन दिवस सोडली तर हात थरथरायला लागले, रात्रभर घाम. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगचं नाव काढलं की म्हणतात, "मी का बेवडा आहो?" शेजारीण म्हणते, न सांगता भाजीत कालवायची पुडी मिळते. देऊ का? अन् मी एकटीच घरच्यांसाठीच्या गटात गेले तर सासूबाईंना काय सांगू?

उत्तर : पुडी देऊ नका. अशा पुडीत काय असतं, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पुष्कळदा लोकांच्या मनात असते ती डायसल्फिरामची गोळी. ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की दारूचं पुढचं पचन अडतं, तोंड लाल होतं, ओकाऱ्या होतात, बीपी उतरतो. जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर ती माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. तुमच्या मालकांना माहीतच नसेल तर ते संध्याकाळी नेहमीसारखे गुत्त्यावर जातील. शिवाय गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो.

हातांची थरथर मात्र हलक्यात घेऊ नका. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भास होऊ लागतात. "सोडून दाखवा" म्हणून शपथा घालू नका. पुन्हा सोडायची म्हणाले, तर आधी जिल्हा रुग्णालयात न्या, चार-पाच दिवस औषधाखाली जाऊ द्या. रात्री-बेरात्री विचारायला १४४१६ हा सरकारी फोन आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

आता तुमचं. मी वर्धा जिल्ह्यातली. जिल्ह्यात दारूबंदी, तरी आमच्या घरात दारू कधी कमी पडली नाही! त्यामुळे हे लांबून सांगत नाही. ए.ए. अमेरिकेत १९३५ साली दोन पिणाऱ्यांनीच सुरू केलं, एक शेअरबाजारातला, एक डॉक्टर. घरच्यांसाठीचा अल-अनॉन १९५१ चा. तो उभा करण्यात त्या शेअरबाजारवाल्याची बायको पुढे होती. तिथे जायला नवऱ्याने सोडलेली असावी लागत नाही, त्याची परवानगीही लागत नाही. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. आमच्या गटात बाया आधी नवऱ्याबद्दलच बोलतात. मग हळूहळू कोणीतरी सांगते, की या आठवड्यात गुत्त्यावरची उधारी मी फेडली नाही. दुसरी सांगते, की मालकाला ताप आहे असं शेतावर खोटं कळवलं नाही. मला तर एवढ्या गोष्टी कळायलाच पुष्कळ वेळ लागला असता, घरात बसून. जवळ गट नसेल तर ऑनलाइन सभाही होतात.

कपाशीच्या चुकाऱ्याचं आधीच ठरवा. तो दुसऱ्यांच्या समोर घरात येईल असं बघा. हात उगारला तर मात्र गटाची वाट पाहू नका, ११२ लावा.

अन् सासूबाईंना बचत गटाला जाते असं खोटं सांगू नका. त्यांनाच सोबत न्या. पोरगा त्यांचा आहे, अन् अल-अनॉनमध्ये आयांनाही जागा असते.