विचारा तर खरं! : बारव शोधली अन् बारावी सापडली

प्रश्न : ताई नमस्कार, मी एम.ए.ला आहे. आमच्या गावात जुनी बारव (पायऱ्यांची दगडी विहीर) आहे, तिच्यावर प्रकल्प लिहायचाय म्हणून कॉलेजच्या लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर पुस्तकं शोधायलोय. मराठीत 'बारव' टाकलं तर शून्य, इंग्रजी अक्षरांत टाकलं तर बारावीची गाईडं येतायत. सर म्हणतात इतिहास, साहित्य आणि भूगर्भशास्त्र तिन्ही आलं पाहिजे. मग लायब्ररीत काही नाहीच का मलाच शोधता येईना?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : गाईडांचं वाचून हसले, माफ करा. पण पुस्तकं असणार हो. होतं काय, की कॅटलॉगला, म्हणजे लायब्ररीच्या पुस्तकयादीला, पुस्तकाच्या आतलं काही माहीत नसतं, त्याला फक्त नाव, लेखक, प्रकाशक, साल आणि नोंद करणाऱ्यानं टाकलेले दोन-तीन विषयशब्द माहीत. आत अख्खं प्रकरण बारवांवर असलं तरी वर 'मराठवाड्यातील मंदिर स्थापत्य' एवढंच लिहिलेलं असेल तर तुमच्या शोधात ते येणारच नाही. म्हणून आधी कागदावर लिहून काढा की ह्याच गोष्टीला कोणकोण काय म्हणतं. इतिहासवाले बारव, पुष्करणी, कुंड, हेमाडपंती म्हणतात (हे हेमाडपंथी असंही लिहितात, दोन्ही टाकून बघा), साहित्यात आड, विहीर, पाणवठा येतं, आणि विज्ञानवाल्यांच्या पुस्तकावर ह्यातलं काहीच नसतं, तिथं भूजल, जलधर (पाणी धरणारा थर), बेसाल्ट (आपला काळा दगड), डेक्कन ट्रॅप (त्या दगडाचं दख्खनचं पठार) असले शब्द.

आता कपाटांचं. बहुतेक लायब्रऱ्या ड्युईची दशांश पद्धत वापरतात, 1876 सालची आहे ती. त्यात प्रत्येक विषयाला एक आकडा असतो, नैसर्गिक विज्ञान 500 पासून, साहित्य 800 पासून, इतिहास 900 पासून. मराठी साहित्य 891.46 ला, भारताचा इतिहास 954 ला. आणि पाणी म्हणाल तर सख्ख्या बहिणी चार गावांत दिल्यासारखं, भूजल 551.49, पाणीपुरवठा 628.1, पाण्याचं अर्थकारण 333.91, आणि बारवेचं बांधकाम वास्तुकलेत म्हणजे 720 च्या पुढं कुठंतरी. एका कपाटापुढं उभं राहून 'काहीच नाही' म्हणायची सोय नाही.

माझा सगळ्यात भरवशाचा मार्ग सांगते. कसंही करून एक, एकच, बऱ्यापैकी पुस्तक गाठा. मग त्याची पूर्ण नोंद उघडा, तिच्यात विषयशब्द दिसतील आणि वर्गांक, म्हणजे तोच ड्युईचा आकडा, दिसेल. त्या विषयशब्दावर क्लिक केलं की त्याच शब्दाखालची बाकीची पुस्तकं येतात, आणि वर्गांक घेऊन कपाटापाशी गेलं की शेजारची दहा पुस्तकं फुकटात बघायला मिळतात. मागं संदर्भसूची असेल तर तिचा फोटो काढून आणा, पुढच्या महिन्याभराचं काम तिथंच असतं. पोरं हे करत नाहीत, शोधाच्या चौकटीत तोच शब्द पुन्हा पुन्हा टाइप करत बसतात.

मराठीत टाइप करताना एक भानगड आहे, ती कुणी शिकवत नाही. बऱ्याच कॅटलॉगात शब्दाच्या शेवटी तारा (*) टाकला की पुढचं काहीही चालतं. पण 'विहीर' पुढं तारा टाकलात तर 'विहिरी' किंवा 'विहिरींचे' सापडणार नाही, कारण तिथं दीर्घ ही ची ऱ्हस्व हि झाली, कॉम्प्युटरच्या लेखी ते वेगळंच अक्षर. 'विह' वर थांबून तारा टाका, दोन्ही येतील. शिवाय जुन्या नोंदी कुठं रोमन अक्षरांत, कुठं युनिकोडच्या (आताच्या मराठी टायपिंगच्या) आधीच्या फॉन्टात केलेल्या, त्या मराठीत टाइप करून उठतच नाहीत. अशा वेळी लेखकाचं आडनाव इंग्रजीत टाकून बघा.

इतिहासाच्या बाजूला आपल्याकडं अजून एक गंमत. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, त्यामुळं इंग्रजांच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात (जिल्ह्याजिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात) मराठवाडा शोधून उपयोग नाही, 'हैदराबाद संस्थान' टाकायचं. औरंगाबादचं एक गॅझेटियर 1884 चं आहे ते निजाम राज्याचंच. गावांची नावंही तेव्हाची लागतात, अंबाजोगाई तिथं मोमिनाबाद असते, इंग्रजी पुस्तकांत बीडचं स्पेलिंग 'भीर' असं असतं. जिल्हेसुद्धा फुटत गेले, जालना 1981 ला, लातूर 1982 ला, हिंगोली 1999 ला, म्हणजे हिंगोलीच्या एखाद्या गावची जुनी माहिती परभणीच्या नावाखालीच असणार. नंतर महाराष्ट्र सरकारनं काढलेली जिल्हा गॅझेटियरं नेटवर फुकट आहेत.

साहित्यात नुसत्या कथा-कादंबऱ्या बघू नका. जात्यावरच्या ओव्या लोकसाहित्यात, 398 ला ठेवलेल्या असतात. आणि महानुभाव पंथाची स्थानपोथी जरूर मागा, पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामी जिथं जिथं गेले त्या जागांची नोंद आहे तिच्यात. पण लायब्ररीत ती धर्म किंवा साहित्य अशा कप्प्यात पडलेली, इतिहासवाला तिकडं फिरकत नाही.

भूगर्भशास्त्रासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे आणि केंद्रीय भूजल मंडळाचे जिल्ह्यावरचे अहवाल विचारा. अहवाल पुष्कळदा पुस्तकांच्या शोधात येत नाहीत, 'साहित्यप्रकार' (इथं म्हणजे पुस्तक, मासिक, अहवाल ह्यांतलं काय ते) मध्ये जाऊन अहवाल निवडावं लागतं, नाहीतर ग्रंथपालांना सरळ विचारावं. वाचताना एवढं बघा की आपला काळा दगड, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे थरावर थर, स्वतः पाणी फारसं धरत नाही, पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. तुमची बारव नेमकी तिथंच का खोदली ह्याचं उत्तर इथं मिळू शकतं, आणि सरांचे तिन्ही विषय मग आपोआप जुळतात.

प्रश्न : मॅडम, किल्लारीच्या भूकंपावर वक्तृत्व स्पर्धेसाठी पुस्तकं पाहिजेत. 'किल्लारी' टाकलं तर दोनच आली.
— एक विद्यार्थिनी, औसा

उत्तर : बाळा, 'लातूर भूकंप' टाक, इंग्रजीतही टाक. शास्त्रज्ञांच्या लिखाणात दोन्ही नावं चालतात. 30 सप्टेंबर 1993 चा म्हणून नुसतं '1993' आणि 'भूकंप' हे जोडूनही बघ. भूकंपाचं शास्त्र 551.22 ला, मदत आणि पुनर्वसन 363.34 च्या आसपास, आणि कविता-आठवणी 891.46 मध्ये. नुसत्या आठवणी घेऊन भाषण करू नकोस, हा भाग स्थिर समजला जायचा तरी इथं भूकंप कसा झाला हे शास्त्राच्या पुस्तकातून दोन मिनिटं सांगितलंस तर परीक्षक मान वर करून ऐकतील.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या वाचनालयात कॉम्प्युटरच नाही, नुसतं रजिस्टर आहे. मग?
— एक वाचक, गंगाखेड

उत्तर : ते दाखल रजिस्टर असेल तर पुस्तकं आली त्या क्रमानं लिहिलेली असतात, विषयानं नाही, त्यात डोळे फोडू नका. तालिका-कार्डांचे खण आहेत का विचारा, कोपऱ्यात असतात कधीकधी. नसतील तर परभणीच्या कृषी विद्यापीठाचा किंवा नांदेड, संभाजीनगरच्या विद्यापीठांचा कॅटलॉग मोबाईलवर उघडता येतो का बघा, पुस्तकाचं नाव-लेखक-साल तिथून उतरवून घ्या आणि चिठ्ठी ग्रंथपालांच्या हातात द्या. तुमच्या कपाटात ते असेल तर तेच काढून देतील.