वाचकांचे प्रश्न: कंपनी कायदा, परदेशी गुंतवणूक आणि संशोधनातलं करिअर

प्रश्न: मुलगी पुण्यात लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. मैत्रिणी कॉर्पोरेट फर्ममधल्या इंटर्नशिपच्या मागे, आणि ही म्हणते मला वेगवेगळ्या देशांचे कंपनी कायदे आणि परदेशी गुंतवणुकीचा कायदा यात संशोधन करायचंय, शिकवायचंय. हे नक्की काय असतं आणि यात भागतं का? – एक आई, चिपळूण

उत्तर: ताई, तुम्ही चिपळूणच्या, म्हणून उदाहरण तुमच्या शेजारचंच घेते, गुहागरचा दाभोळ वीज प्रकल्प, अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीचा. एन्रॉन म्हटलं की लोकांना आंदोलन आठवतं, १९९५ ला युती सरकारने करार रद्द केला ते आठवतं, मग परत वाटाघाटी झाल्या आणि २००१ मध्ये वीज मंडळाने वीज घेणं थांबवल्यावर प्रकल्प बंद पडला, इथपर्यंत सगळ्यांना माहिती असतं. पुढचं फार कमी जणांना माहितीये. एन्रॉनच्या भागीदार कंपन्या होत्या जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल, दोन्ही अमेरिकन, पण भारत आणि अमेरिकेत गुंतवणूक संरक्षणाचा करारच नव्हता. मग त्यांनी काय केलं, गुंतवणूक ज्या मॉरिशसमधल्या कंपन्यांमार्फत आली होती त्यांच्या नावाने भारत-मॉरिशस करार पुढे केला आणि थेट भारत सरकारवर आंतरराष्ट्रीय लवादाचा, म्हणजे कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचांसमोर चालणारा, दावा लावला. २००५ मध्ये तडजोड झाली.

म्हणजे बघा, कारखाना कोकणात, मालक अमेरिकेत, कागदावर कंपनी मॉरिशसची. आता अशी कंपनी नेमकी कुठल्या देशाची धरायची? काही करारांत नुसती नोंदणी पुरते, काहींत तिथे खरोखर धंदा चालू असावा लागतो, आणि भारताने २०१५ साली पुढच्या करारांसाठी स्वतःचा जो नमुना करार बनवला त्यात ही दुसरी अट घातलीये. असे नियम शेजारी-शेजारी ठेवून वाचायचे, कोणी कोणाच्या सोयीसाठी लिहिले, वाद झाल्यावर त्यातून काय निघालं ते शोधायचं, हे तुमच्या मुलीचं काम असणार. मला विचाराल तर आपल्याकडे अशी माणसं आणखी हवीत, कारण करार होतो तेव्हा कोणी नीट वाचत नाही आणि बिल येतं तेव्हा सगळे वाचायला बसतात.

पैशाचं स्पष्टच सांगते. एलएलएम, नेट (प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा), मग पीएचडी असा रस्ता आहे, त्यात वर्षं जातात. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो, पण ती कायमची जागा मिळेपर्यंत बरेच जण तासिका तत्त्वावर शिकवतात आणि त्यात घर चालवणं अवघड असतं. मोठ्या फर्ममध्ये सुरुवातीलाच जास्त मिळतं हे खरंय. नाव झालं की लवादांत तज्ज्ञ म्हणून लेखी मत द्यायची कामं येतात, त्याचे पैसे चांगले असतात, पण ते खूप नंतर. तेव्हा पहिली काही वर्षं घरून आधार देता येईल का, हे तिच्याशी आत्ताच मोकळेपणी बोला.

प्रश्न: पीएचडीसाठी "भारत आणि इंग्लंडमधील संचालकांची कर्तव्ये: तुलनात्मक अभ्यास" असा विषय घेतलाय. गाईड म्हणतात फार मोठा आहे, लहान करा. करू का? – एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर: करा, गाईड बरोबर सांगतायत. या विषयावर अर्धा प्रबंध इंग्लंडची माहिती आणि अर्धा भारताची असं होऊन बसतं आणि तुलना शेवटच्या दहा पानांत उरकली जाते. त्यापेक्षा दोन कलमं घ्या. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १६६(२) आणि इंग्लंडच्या २००६ च्या कायद्याचं कलम १७२. तिकडे संचालकाने भागधारकांच्या हितासाठी कंपनी यशस्वी करायची आणि ते करताना कामगार, समाज, पर्यावरण "लक्षात घ्यायचं". आपल्या कलमात कामगार, समाज, पर्यावरण यांची नावं भागधारकांच्याच रांगेत बसवलीयेत. कागदावर आपला कायदा पुढे गेलेला दिसतो, पण कामगाराला किंवा गावाला या कलमाखाली संचालकाला कोर्टात खेचता येतं का? हा एक प्रश्न धरला तरी तीन-चार वर्षं पुरेल. जमलं तर जर्मनी पण बघा, तिथे १९७६ च्या कायद्याने दोन हजारांवर कामगार असलेल्या कंपन्यांत देखरेख मंडळाच्या, म्हणजे कंपनी चालवणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाच्या, निम्म्या जागा कामगारांच्या बाजूला दिल्या, म्हणजे कर्तव्याची भाषा न करता सरळ खुर्चीच दिली.

प्रश्न: आमच्या कॉलेजला महागडे डेटाबेस नाहीत. परदेशी गुंतवणुकीच्या कायद्याची सुरुवात कुठून करू? – एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर: करार आणि लवादाचे पुष्कळसे निकाल फुकट वाचायला मिळतात, अंक्टाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास संस्थेच्या साईटवर आणि इटालॉ (italaw) या साईटवर. सुरुवात व्हाइट इंडस्ट्रीज विरुद्ध भारत या २०११ च्या निकालापासून कर. ऑस्ट्रेलियन कंपनी, पिपरवारच्या कोळसा खाणीवरून कोल इंडियाशी वाद, २००२ मध्ये लवाद जिंकली पण आपल्या कोर्टांत अंमलबजावणी वर्षानुवर्षं अडकली. मग त्यांनी थेट भारत सरकारवर दावा लावला, भारत-ऑस्ट्रेलिया गुंतवणूक करारातल्या मोस्ट फेव्हर्ड नेशन कलमाचा (तिसऱ्या देशाला दिलेली जास्त चांगली वागणूक आम्हालाही द्या, असं म्हणणारं कलम) आधार घेऊन भारत-कुवेत करारातली दाद मागायची जास्त चांगली सोय स्वतःला लागू करून घेतली, आणि जिंकले! त्यानंतर आलेल्या भारताच्या २०१५ च्या नमुना करारात हे कलमच नाहीये. आधी निकाल पूर्ण वाच, मग नमुना करार, आणि मधे पुस्तकं वाचू नकोस, स्वतःचे प्रश्न वहीत लिहून ठेव. पुस्तकं नंतर.